शेवटच्या पानावरची लाल खूण

बाबा,

आज दुकानात लवकर बोलावलंय म्हणून निघालेय. जेवण झाकून ठेवलंय.

बाथरूममधली साबणाची वडी मी काढून घेतलीय, शोधत बसू नका. आईने घरी केलेल्या साबणाच्या शेवटच्या घाण्यातली होती ती. काल तिची वही काढून तपासली. साडेचारशे ग्रॅम खोबरेलाला कॉस्टिक सोडा अठ्ठ्याहत्तर ग्रॅम हवा, तिने सत्त्याऐंशी लिहिलाय. आकड्यांची अदलाबदल झाली. शेवटी शेवटी तिचं तसंच व्हायचं. तुमचे हात सोलवटलेत ते त्यानेच. डॉक्टरांना उगाच थंडीचं कारण सांगितलंत.

पण त्या पानावर तुमची लाल खूण आहे. आई हिशेब मांडणार, तुम्ही तपासणार, आणि तुमची खूण पडल्याशिवाय ती सोडा पाण्यात घालणार नाही, हा तुम्हा दोघांचा शिरस्ता. वर्गात तीस वर्षं गणित शिकवताना तुम्ही कुणाची अर्ध्या मार्काची चूक सोडली नाहीत. ही तुम्हाला दिसलीच नाही, हे मला पटत नाही. तिला ‘चुकलीस’ म्हणायला तुमची जीभ रेटली नसेल. मग मुकाट्याने चार महिने त्याच साबणाने हात धुतलेत.

उरलेल्या वड्या फेकल्या नाहीत. तिच्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवल्यात, फक्त वापरू नका. हातांना मलम लावा.

नव्या घाण्याचा हिशेब मी मांडलाय. वही टेबलावर आहे, लाल पेनही तिथेच आहे. नीट तपासा. चुकला असेल तर खूण करू नका, बाबा. मला सांगितलेलं चालतं.