डब्यातल्या शिल्लक गोळ्या

२ फेब्रुवारी, सकाळी ७
टिल्ली दहा तारखेला येणार! नात चार दिवस आईशिवाय आजोबांकडे. ही गेल्यापासून पहिल्यांदाच. लेकीला पटवायला दोन वर्षं लागली. तिच्या मते मला स्वतःलाच सांभाळता येत नाही. आता दाखवतोच.
संकल्प : पलंगाला कठडा लावणे. माळा झाडणे. गोष्टी पाठ करणे (किमान आठ).
घसा जरा खरखरतोय. माळ्यावरची धूळ. माळा अजून झाडलेला नाही, पण विचार पक्का आहे.

३ फेब्रुवारी
गिळताना दुखतं. डॉक्टरकडे जाणार नाही. दोन तास बाहेर बाकावर, दोन मिनिटं आत. घरात डबा असताना कशाला?
डब्याबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. माझ्या हातून एक नटसुद्धा वाया गेला नाही. शिल्लक माल फेकायचा नाही, लेबल लावून ठेवायचा. डॉक्टर पाच गोळ्या लिहून देतात, तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, दोन उरतात. असा अकरा वर्षांत बिस्किटांचा मोठा डबा भरला. कप्पे चार : घसा, दात, खोकला आणि माहीत नाही. ही म्हणायची, उंटावरचे शहाणे तुम्ही. पण रात्री खोकला आला की हात माझ्यापुढेच करायची.
'घसा'मधली एक घेतली.

४ फेब्रुवारी, दुपारी
दुसरी गोळी घेतली.
बेल वाजली. कोण म्हणून विचारायला गेलो तर तोंडातून नुसती हवा. चुकीच्या दारी आलेला कुरिअरवाला होता. आवाज बसलाय तर! नक्की कधी बसला ते सांगता येत नाही. लेकीच्या नेहमीच्या रविवारच्या फोनवर बोललो तेव्हा होता. मधे वापरायचं काम पडलं नाही.

५ फेब्रुवारी
एकदम हलकं वाटतंय. मुळात प्रकृती दणकट. औषध बंद. उरलेल्या दोन गोळ्या डब्यात परत. काटकसर अंगात असावी लागते, शिकवून येत नाही.
कठडा आणला. स्क्रू कमी निघाले. उद्या लावतो.

८ फेब्रुवारी, रविवार
घसा परवापासून परत दुखतोय. 'घसा' कप्पा टिल्लीच्या मुक्कामासाठी राखून ठेवलाय, तेव्हा तूर्त 'माहीत नाही'मधली एक पांढरी घेतली. कशाची होती कोण जाणे, पण गोळीचा आकार विश्वासू वाटला.
लेकीचा फोन. आवाज का बसलाय, म्हणाली. सांगितलं, कारखान्यातले जुने मित्र आले होते, दिवसभर गप्पा, हसून हसून बसला. कोण कोण आलं होतं असं विचारलं तेव्हा गडबड झाली. पाच नावं घेतली. त्यातले दोघं वारलेत, पण तिला कुठे माहीत?
म्हणाली, बरं नसेल तर खरं सांगा, टिल्लीला पुढच्या सुट्टीत आणते. शिवाय तिला पेनिसिलिन चालत नाही, अंगभर पुरळ उठतं, तिच्यासाठी औषधं मोजकीच आहेत. म्हटलं, अगं, मी ठणठणीत आहे. फोन ठेवला आणि पाणी गिळताना डोळ्यांत पाणी आलं.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
ताप एकशे एक. थर्मामीटर जुना आहे. जुन्या पाऱ्याला एखाद्या डिग्रीची सूट द्यावी लागते. म्हणजे शंभर. म्हणजे जवळजवळ नाहीच.
'घसा'मधली एक घेतली.

१० फेब्रुवारी
आली!! बॅग तिच्यापेक्षा मोठी. म्हणाली, आजोबा, तुझा आवाज बेडकासारखा झालाय. मग बेडकाचीच गोष्ट सांगितली. तीच तीनदा. बाकीच्या सात पाठ करायच्या राहिल्या होत्या.

१२ फेब्रुवारी
टिल्लीला माझ्याच पेल्यातून पाणी लागतं. वेगळा पेला दिला तर ओठ काढते. काय करणार, नात आहे! आइस्क्रीमही एकाच चमच्याने, एक घास तिचा, एक माझा. कठडा लागलाच नाही, म्हणून पडू नये यासाठी माझ्या कुशीत झोपते. ही गेल्यापासून इतकी झोप लागली नव्हती.
आज गोळी विसरलो. वेळ कुणाला आहे?

१४ फेब्रुवारी
गेली. जाताना गळ्यात पडून कानात म्हणाली, पुढच्या सुट्टीत दहा दिवस येणार. लेकसुद्धा म्हणाली, बाबा, जमलं की तुम्हाला!
पेला अजून धुतला नाही.

१६ फेब्रुवारी
टिल्लीला ताप. घसा सुजलाय. डॉक्टरांनी तिला चालणाऱ्या मोजक्या औषधांपैकी एक दिलंय. नाव ऐकलं आणि छाती फुगली. माझ्या 'घसा' कप्प्यातलंच! लेकीला म्हटलं, तीन दिवसांत उतरेल बघ. माझा अनुभव आहे.

१८ फेब्रुवारी
उतरला नाही. टिल्ली हॉस्पिटलमध्ये. मान एका बाजूने सुजली आहे. थुंकीसुद्धा गिळता येत नाही.
मला बघून हसली. अगदी हळू म्हणाली, आजोबा, माझापण आवाज तुझ्यासारखा झाला. तिला त्याचं कौतुक वाटत होतं.

२० फेब्रुवारी
घशाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. स्ट्रेप्टोकॉकस. दिलेल्या औषधाला दाद न देणारा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाचा घसा दुखत होता का? लेक म्हणाली, नाही. जावई म्हणाले, नाही. मी भिंतीवरचा हात धुवा हा बोर्ड वाचत होतो. चार वेळा वाचला.
मग घरी गेलो आणि डबा घेऊन आलो.
बाईंनी एकेक कप्पा उघडून पाहिला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात. आजोबा, तुम्ही गोळ्या नाही, जंतू शिल्लक ठेवलेत. तुमच्याकडूनच गेला असेल असं छातीठोक सांगता येणार नाही, तुमचाही घसा तपासू. तपासायला काय राहिलंय? मला माहीत आहे कुणाकडून गेला.
लेकीने फक्त विचारलं, मित्र आले होते म्हणालात ना? आणि तोंड फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी
दुसरं औषध सलाइनमधून सुरू आहे. टिल्लीचा ताप उतरला. दोन चमचे दूध प्यायली. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो.
माझ्या घशात तोच जंतू निघाला. मला मात्र पेनिसिलिन चालतं. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ. बाईंनी बजावलं, बरं वाटलं तरी थांबायचं नाही.

२३ फेब्रुवारी
कोर्स सुरू. लेकीचा माझ्यावर भरवसा नाही. रोज संध्याकाळी आठला फोन करणार. आज केला. म्हणाली, घेतली? म्हटलं, घेतली. ठेवला.

२६ फेब्रुवारी
पावणेआठलाच फोनजवळ बसतो. आज तिने जेवलात का असंही विचारलं. वास्तविक माझ्यावर असं लक्ष ठेवायची गरज नाही, पण तिच्या समाधानासाठी चालू द्यावं.

१ मार्च
टिल्ली घरी आली! फोनवर म्हणाली, आजोबा, तुझ्या किती राहिल्या? म्हटलं, सहा. म्हणाली, अरे बापरे. किती वेळ बोललो कळलंच नाही.

३ मार्च
उद्या शेवटच्या दोन. घसा ठणठणीत आहे. एक विचार आला. एखादी मागे ठेवली तर परवा सांगता येईल, एक राहिली आहे. म्हणजे परवाही फोन. गोळी 'घसा' कप्प्यात ठेवून पाहिली. मग पुन्हा काढली.

४ मार्च
दोन्ही घेतल्या. डबा केमिस्टकडे नेऊन रिकामा केला. लेकीला सांगितलं, संपल्या. म्हणाली, शाब्बास बाबा. विचारलं, पुढच्या सुट्टीत पाठवशील ना टिल्लीला? कठडा लावलाय मी.  म्हणाली, बघू.

५ मार्च, संध्याकाळी ८.४०
जन्मात पहिल्यांदा कोर्स पूर्ण. शिल्लक काही नाही.
पावणेआठला सवयीने बसलो. फोन वाजला नाही. वाजायचं कारणच नव्हतं. रविवारला अजून तीन दिवस आहेत.
आठ वाजता मोठ्याने म्हणून पाहिलं, घेतली. आवाज अगदी खणखणीत आहे.