अनारशांचे ताट आणि एक इंग्रजी शब्द

चिंचवड,
अधिक भाद्रपद वद्य दशमी, रविवार

ती. अर्जुनराव दाजींच्या चरणी ज्योतीरामचा दंडवत. (तुम्ही पाय मागे घेतलेत, तरी दंडवत तिथेच पडलेला आहे असे समजावे.) इकडे सर्व खुशाल आहोत असे लिहिण्याची रीत आहे, पण मी ती पाळू शकत नाही. आई माझ्याशी बोलत नाही. सुभद्रा बोलते, पण भांड्यांमार्फत. तुमचा गुडघा कसा आहे? शालनअक्काचा खोकला थांबला का? पाऊस असाच राहिला तर तुमच्या वखारीतल्या कांद्याला मोड येतील या विचाराने मला झोप नाही. हल्ली मला कशाचीही काळजी वाटते; काल शेजाऱ्यांच्या म्हशीची वाटली.

दाजी, त्या दिवशी जेवणावर जे घडले त्याचे मूळ इंग्रजीत आहे. आमच्या कारखान्यात वरिष्ठ कारकुनाची जागा निघाली आहे. जागेबरोबर कॉलनीत दोन खोल्या आणि घरात नळ. (आईच्या कमरेने या वयात किती हंडे उचलायचे?) पण त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे, आणि माझे इंग्रजी मालाची आवक-जावक लिहिण्यापुरते. म्हणून मी नानासाहेबांकडे शिकवणी लावली. नानासाहेब म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांचे मत असे, की अवघड शब्द पाठ करून येत नाही, तो स्वतःच्या आयुष्यात वापरावा लागतो. दर रविवारी ते मूठभर शब्द देतात आणि प्रत्येकाचे स्वतःविषयी वाक्य करून आणायला सांगतात. वाक्य खरे हवे. खोटे असले की ते चष्म्यावरून बघतात, आणि मग माणूस खरे काय ते सांगून टाकतो. परीक्षा घेणारे साहेब त्यांचेच जुने विद्यार्थी, तेही तसेच विचारणार म्हणे.

सुरुवातीला बरे चालले होते. काटकसरीला सुभद्रा मिळाली, हट्टाला आई मिळाली, स्थूलपणासाठी आमच्या स्टोअरचे मुख्य रोजच समोर बसतात. मग ‘एस्ट्रेंजमेंट’ आला. म्हणजे जवळच्या माणसांत पडलेला दुरावा. दाजी, माझा कोणाशी दुरावाच नव्हता! एवढे आयुष्य गेले आणि एक धड वैरी जोडला नाही. मी शेजारच्या सोनबाशी भांडून पाहिले. तुझा कोंबडा पहाटे ओरडतो, असे रागाने सांगितले. त्याने संध्याकाळी तोच कोंबडा कापला आणि रस्सा पाठवला. रस्सा चांगला होता, पण वाक्य गेले.

अशा अवस्थेत तुम्ही अधिक महिन्याचे वाण घ्यायला आलात. पाटावर बसलात, सुभद्राने पुरणाचे धोंडे वाढले, आई आत तुमच्यासाठी तेहतीस अनारसे मांडत होती, आणि माझ्या डोक्यात काय आले कोण जाणे. वाटले, दाजी आपलेच आहेत. चहापर्यंत दुरावा ठेवू, चहाला मिटवून टाकू. म्हणून मी ते बोललो, की कांदा तोलताना तुमचा अंगठा तागडीवर असतो असे चाकणात म्हणतात. चाकणात असे कोणीही म्हणत नाही. ते मी हात धुता धुता रचले होते.

मला वाटले होते तुम्ही आवाज चढवाल. तुम्ही घास ताटात ठेवलात आणि हळूच म्हणालात, “पाटावर बसवून ऐकवतोस व्हय, ज्योतीराम?” आणि उठलात. अक्काही पदराने डोळे पुसत मागून गेली. आणि दाजी, तुम्ही दारात वहाणा घालत होतात तेव्हा मी मनात वाक्य जुळवत होतो. वाक्य उत्तम झाले. नानासाहेबांनी शाबासकी दिली.

त्यानंतर शब्दांना काही तोटा राहिला नाही. पश्चात्ताप, बहिष्कार, नामुष्की, निद्रानाश. नानासाहेब शब्द देतात आणि वाक्य माझ्याकडे आधीच हजर असते. ते म्हणाले, मुला, तुझी प्रगती थक्क करणारी आहे. इकडे अनारशांचे ताट देवापाशी आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत ठेवलेले. अधिक महिना शुक्रवारी अमावास्येला संपतो. मग पुन्हा तीन वर्षांनी. आई माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाली, “तीन वर्सं मी कुठं टिकतीया?” भिंतीने ऐकून घेतले. मी हे पत्र लिहायला बसलो.

दाजी, झाले ते पोटात घालावे आणि वाणाला यावे. लोभ असावा असे शेवटी लिहितात. माझ्यावर होता त्यातला थोडा उरला असेल तर तेवढाही पुरे.

आपला मेहुणा,
ज्योतीराम

ता. क. हे पत्र कांद्याच्या ट्रकवाले सोपानराव उद्या तुमच्या हातात देतील. परीक्षा बुधवारी सकाळी आहे, तेव्हा मंगळवारी संध्याकाळपर्यंत आलात तर फार बरे. खरे सांगतो, या आठवड्याचा शब्द ‘रिकन्सिलिएशन’ आहे. म्हणजे दुरावा मिटून पुन्हा एक होणे. वाक्य तयार आहे, फक्त ते खरे व्हायचे राहिले आहे. मुक्काम केला नाहीत तरी चालेल.

दुसरा ता. क. बुधवार दुपार. सोपानरावांचा ट्रक देहूरोडला चिखलात रुतला होता, ते आत्ता आले. पत्र तोवर माझ्याच खिशात होते. परीक्षा झाली. साहेबांनी नेमका तोच शब्द विचारला. माझे दाजी आणि मी एक झालो, एवढेच म्हणायचे होते. साहेब काही चाकणला चौकशीला जाणार नव्हते. पण तुमच्याबद्दल एकदा खोटे बोलून झाले होते, दुसऱ्यांदा जीभ उचलेना. मी गप्प बसलो. जागा दुसऱ्याला गेली, नळही गेला. तेव्हा दाजी, आता तुमच्या येण्याचा मला काडीचाही उपयोग राहिलेला नाही. अमावास्या परवा आहे. या.