बोटभर ढील

करीचा दिवस, दारव्हा

आज गच्चीवर फजिती झाली. समुद्रात मोठ्या पतंगाच्या जोरावर लाटांवरून फळी चालवायला शिकतेय, म्हणून आईसमोर मिरवत होते, आणि साधा कागदी पतंग वर राहीना. उठायचा नि मागे कोसळायचा. आईने तो उतरवायला लावला आणि त्याच्या पोटाशी बांधलेल्या कणीची खालची दोरी बोटभर सैल केली.

"एवढी ओढून काहून राह्यली? वारा खाऊ दे न त्याले!"

पतंग सरसर वर गेला.

तिकडेही लाट आली की मी घाबरून पतंगाच्या दोऱ्यांचा हातातला दांडा ओढते, आणि पतंग असाच मागे पडतो. दांड्यापासून पतंगाच्या मागच्या कडेला जाणाऱ्या दोऱ्याच बोटभर आखूड असतील? उगाच शिकवणाऱ्याला दोष देत होते.

आईने समुद्र पाहिलेला नाही. म्हणते, "मले घेऊन चाल." नेईन. आधी दोऱ्या सैल करते, नाहीतर तिथेही सगळ्यांसमोर पतंग उतरवायला लावेल.