अक्षता पडायच्या आत नेट संपलं

अण्णा, तुमच्या नातीचं, दादाच्या लेकीचं लग्न परवा सिरसाळ्याला झालं आणि मी ते इथं दिंद्रुडला घरात बसून टीव्हीवर पाहिलं. पाहिलं तरी कसं म्हणू? तुमच्या मागं मी शेतात वाटा मागितला, हक्कसोडपत्रावर सही केली नाही, तेव्हापासून दादानं माझं माहेर बंद केलंय. पत्रिका आली नाही. भावकीच्या ग्रुपवर लग्नाची लिंक तेवढी आली, तीही सगळ्यांना आली म्हणून मला. जिचं नाव मी पाळण्यात ठेवलं, तिच्या लग्नाला आत्याला लिंक! बारशाला तुम्हीच तिला माझ्या ओटीत देऊन म्हणाला होतात, "आत्या हाईस तू. तुझ्याबिगर हिचं काई व्हायचं न्हाई." झालं की सगळं, माझ्याबिगर.

बघायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. सासूबाईच म्हणाल्या, "पोरीनं काय केलंय तुझं? बघ की." आमच्याकडं नेट म्हणजे मोबाइलचं, दिवसाला ठरलेलं. हॉटस्पॉट लावून ते टीव्हीला द्यायचं आणि एकाचं संपलं की दुसऱ्याचा फोन घ्यायचा. त्या दिवशी माझ्या लेकीनं सकाळपासून एक व्हिडिओ उघडला नाही, हे तर फोन घरी ठेवून रानात गेले. आणि मी शहाणी, दुपारच्या मुहूर्ताला बरोबर लिंक लावली. आपल्याकडं मुहूर्तावर कधी लग्न लागलंय? पडद्यावर सत्कार चाललेत. माइकवाला एकेका साहेबाला पुकारतोय, शाल, फेटा, मग त्यांचे आशीर्वादाचे दोन शब्द, जे संपता संपत नाहीत. चित्र अगदी हलकं केलं तरी ह्यांचं नेट गेलं, मागोमाग लेकीचं.

"आता कावून थांबलेत गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोठे साहेब यायचेत."

अण्णा, ही रीत तुमचीच. माझ्या लग्नात नवरदेव उभा असताना तुम्ही साहेबांच्या गाडीची वाट बघत मला उन्हात ताटकळत ठेवलं. चक्कर येऊन मी खाली बसले तर मलाच रागावलात, "दम धर की जरा, मान्सं बघायलेत." त्याचा राग अजून गेलेला नाही माझा. दादानं शेतही तुमचं घेतलं आणि ही हौसही.

शेवटी साहेब आले. अंतरपाट धरला. पोरीचा शालू तेवढा ओळखू येत होता, तोंड कसलं दिसतंय त्या पुसट चित्रात! पहिली मंगलाष्टका सुरू झाली आणि माझ्याही फोनचं नेट संपलं. टीव्हीवर नुसतं गोल फिरत राहिलं. सासूबाईंनी मुठीतल्या अक्षता टीव्हीवरच टाकल्या. लेक म्हणाली, "आई, रिचार्ज मारू का?" मी नको म्हणाले.

ते लग्न अजून लिंकवर आहे. नेटही आहे. लेक सारखी म्हणते, बघून घे. हे तुम्हाला लिहितेय, कारण दादाला कधी सांगणार नाही. मी पोरीला बघायला बसलेच नव्हते. माइकवरून मामाला बोलावतात, करवल्यांना बोलावतात, तसं कुणीतरी "आत्या कुठंय?" म्हणून विचारतं का, ते ऐकायला बसले होते. कुणीच विचारलं नसेल, म्हणून मी पुढचं लावत नाही.