उजवा बूट

सेरोवे, ता. १२ मे १९९८

चि. मोसिदीस, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. माझ्या लेसेदीच्या अंगावर हात टाकणारा तो शिंपी केपादित्सा कोर्टात असा बसतो, जसा चर्चमध्ये बसलाय! पोरगी खोटं बोलते म्हणतो. हिचा शब्द आणि त्याचा शब्द, तिसरं कोणी नाही.

मग कळलं, गावातल्या आणखी तिघींशी तो असंच वागलाय. सरकारी वकीलबाई म्हणाल्या की प्रत्येकीनं आपापलं वेगळं सांगितलं आणि रीत एकच निघाली, तर न्यायाधीश त्यांचंही ऐकतील. वेगळं! हा शब्द माझ्या कानात शिरलाच नाही. आपल्याकडे तंटा झाला की सगळे खोत्लात, गावच्या चावडीवर, झाडाखाली बसून एकमेकांसमोर बोलतात, तसं मी तिघींना लेसेदीसकट अंगणात बसवलं, बोगोबे रांधलं आणि पोटातलं सगळं बाहेर काढायला लावलं. रडल्या, जेवल्या, मोकळ्या झाल्या.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, मावशी, आता त्याचा वकील म्हणणार की यांनी ठरवून एकच गोष्ट रचली. तिघींच्या साक्षी बाद होतील. माझ्याच हातानं माझ्या लेकीच्या ताटात माती कालवली गं!

त्यानं नेमकं काय केलं ते मला कागदावर लिहवत नाही. तू तरी नीट राहा, आणि वस्तू हरवू नकोस! नदीत बूट घालवून माझ्या लग्नाला उसन्या बुटात आलेली धांदरट तू.

लोभ आटू देऊ नकोस.
दिकेलेदी

माऊन, ता. २७ मे

ति. अक्कास, धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. मी एकच विचारते. माप घेताना त्यानं लेसेदीला बूट काढायला लावले, आणि जाताना उजवा परत दिलाच नाही, असं झालं का? दुसरा हवा तर पुन्हा ये, आणि कुणाला सांगितलंस तर हा दाखवीन, असं म्हणाला का?

अक्का, माझा बूट नदीत वाहून गेला नव्हता. तुझ्या लग्नाच्या निळ्या कपड्याचं माप द्यायला तूच मला त्याच्याकडे पाठवलं होतंस. मी एकोणीस वर्षांची होते. एका अनवाणी पायानं घरी आले, आणि आई आठवडाभर टाकून बोलली. तीस वर्षं तू चिडवत आलीस, मी हसत आले.

रागावू नकोस, माया असू दे.
मोसिदी

सेरोवे, ता. १९ जून

चि. मोसिदीस, आशीर्वाद फार थोडे वाटताहेत. वि. वि.

तुझं पत्र वाचताना वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. तुला हे कुणी सांगितलं, असं विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही, मी तर लिहिलंच नव्हतं. माझं पत्रही तुझ्याकडून मागवतील, ते जपून ठेव. तुझ्या पाकिटावरचा माऊनचा शिक्का पाहून आणि तू त्या अंगणात नव्हतीस हे ऐकून, न्यायाधीशांनी तुझी साक्ष ऐकायचं कबूल केलंय. १४ जुलैला ये.

मला मात्र सक्त ताकीद मिळालीय की खटल्याबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही. म्हणजे मी, जन्मभर बडबडणारी, गप्प! तेव्हा लिहिते की कोंबडीनं नऊ पिल्लं काढली. हिवाळ्याची थंडी पडलीय. मोरोगोची पालेभाजी वाळत घातलीय.

तुझ्या मापाचे बूट आणलेत. दोन्ही दाराशी ठेवलेत. बाकी तू आल्यावर, साक्षीनंतर.

तोवर मला माफ करता आलं तर कर.
तुझी अक्का