हिरव्यात आलेली गल्ली

सोमवार, ६ जानेवारी २०२५
तब्येत ठीक.
वरच्या मजल्यावरची पोर, मैत्री, जिन्यात भेटली. मी मधल्या पायरीवर जरा टेकलो होतो. तीही बसली. सुट्टीच्या दिवशी काय करतेस विचारलं, तर म्हणाली, पुण्याचं सुख मोजते! मला वाटलं चेष्टा. तिनं तिथंच लॅपटॉप उघडला. दिवे किती, बसथांबे किती, दवाखाने किती, कुणी कसली तक्रार केली – ही माहिती कुणालाही पाहता येते म्हणे. ती आणि तिचे चार सोबती ती सगळी जुळवतात, प्रत्येक वस्तीला शंभरपैकी गुण देतात. नकाशावर हिरवं म्हणजे बरं चाललंय. लाल म्हणजे हाल.
झाडंसुद्धा मोजलेली! आमच्या कोपऱ्यावरचा पांगारा त्यात आहे. उंचीसकट!
मी सातवी शिकलेला. पण काम कळतं. पोरीचं काम चोख आहे.

मंगळवार, ७ जानेवारी
तब्येत ठीक. पांगारा पाहून आलो. उंची बरोबर वाटते.

गुरुवार, ९ जानेवारी
तब्येत ठीक.
आमची गल्ली हिरवी! एक्क्याऐंशी गुण. येरवड्यात एवढे गुण कुणालाच नाहीत. मी लगेच कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. तो फळा माझ्याच ताब्यात असतो.
मग मैत्रीनं पुढचं सांगितलं. एक संस्था डॉक्टरांची गाडी आठवड्यातून एकदा वस्तीत पाठवणार आहे, संध्याकाळी, कामावरून परतलेल्या माणसांसाठी. सहाच ठिकाणी. हिच्या नकाशात सगळ्यात लाल असलेल्या सहा.
समोरच्या गोदाबाई ऐकत होत्या. चार घरी पोळ्या करतात. साखर वाढलेली, पायाची जखम भरत नाही. दवाखान्यात जायचं तर दिवसभराची कामं बुडतात. म्हणाल्या, ‘‘हिरवे आहोत होय आपण? बरं झालं सांगितलंत भाऊ. माझ्या पायाला कळवते.’’
फळा तसाच ठेवला. पण परत वाचवेना.

शनिवार, ११ जानेवारी
तब्येत ठीक.
परवापासून एकच घोळतंय. मागचं गटार बारा दिवस तुंबलंय. तिसऱ्या खांबावरचा दिवा दसऱ्यापासून बंद. मग एक्क्याऐंशी गुण आले कुठून?
आज दाढी करताना डाव्या हाताकडे लक्ष गेलं. मधल्या बोटाचं टोक नाही. कारखान्याच्या फाटकावर पाटी होती – अपघाताविना दिवस. तीनशे बारा झाले होते. तेव्हाच बोट यंत्रात गेलं. फोरमननं नोंद केली नाही. मीही करा म्हटलं नाही. मी हाताला फडकं गुंडाळलं, हात खिशात घातला, त्या पाटीखालूनच बाहेर पडलो. घरी बायकोनं, सत्यशीलानं, हळद दाबून बांधलं. तेव्हा होती ती. दुसऱ्या दिवशी पाटीवर तीनशे तेरा. पेढे वाटले. मीही खाल्ला.
म्हणजे आमचा हिरवा रंगही तसाच? छे. उगीच काहीतरी. पण तसाच असला तर?

रविवार, १२ जानेवारी
तब्येत ठीक. लेकीचा, भाग्यश्रीचा, नाशिकहून नेहमीचा फोन. सगळं ठीक म्हणून सांगितलं.
मग वर गेलो. दोनदा थांबून. मैत्रीला विचारलं, आमच्या गल्लीच्या तक्रारी किती? तिनं काढून दाखवलं. तीन वर्षांत दोन. दोन्ही एका भाडेकरूच्या, तो सोडूनही गेला. तक्रारी कमी म्हणून गुण जास्त.
मी तिला खाली फळ्यापाशी नेलं. वरच्या बाजूला माझ्या हातची ऑइलपेंटची ओळ आहे, नऊ वर्षांपूर्वीची – ‘तक्रार प्रथम ज्ञानदेव यांना सांगावी. गल्लीबाहेर सांगू नये. नाव खराब होते.’ लोक येतात, सांगतात, मी वहीत लिहून घेतो. पुढे कळवत नाही. नाव-नंबर कॉम्प्युटरात गेला की मागे काय लागेल कोण जाणे! ही माझी भीती. अख्ख्या गल्लीला लावली.
मैत्री आधी हसली. मग कट्ट्यावर बसली. म्हणाली, ‘‘काका, चूक माझी आहे. गप्प बसणं आणि बरं असणं मी एकच धरलं.’’
चाळीस वर्षं नोकरी केली. कुठल्या साहेबाच्या तोंडून ‘चूक माझी’ ऐकलं नाही. पोर सव्वीस वर्षांची!
वही पुढे केली. साडेतीनशेच्या वर तक्रारी. घाल नकाशात, म्हटलं. तिनं पानं उलटली, पण घेतली नाही. ही वही फक्त तुमची आहे, म्हणाली, सगळ्यांना तपासता येत नाही. आणि बाकी गल्ल्यांच्या वह्या कुठून आणू? राग आला. घरी पोचेपर्यंत गेला. तिचं बरोबर आहे.

सोमवार, १३ जानेवारी
तब्येत ठीक. मैत्रीनं रीतच बदलली. जिथून तक्रारी जवळपास नाहीत तिथं आता राखाडी रंग. म्हणजे ‘माहीत नाही’. शहरात अशा एकतीस वस्त्या निघाल्या! तिथं घरोघर जाऊन विचारणार. तोवर गाडीची यादी थांबवली. आपलंच काम मोडून पुन्हा मांडायला काळीज लागतं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत
तब्येत ठीक.
रॉकेलनं फळा पुसला. ओळ जाता जाईना. शेवटी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडली.
कट्ट्यावर मैत्री फोन घेऊन बसली. तिळगूळ घ्यायला येईल त्याची तक्रार नोंदवायची. पहिल्या गोदाबाई. ‘‘भाऊ, दिवा तुमच्या वहीत जळत होता. आता खांबावर लावू.’’ सगळे हसले. मीही. नऊ तक्रारी गेल्या. गटाराच्या तक्रारीला माझा नंबर घातला. पुसला. पुन्हा घातला.

रविवार, १९ जानेवारी
तब्येत ठीक. भाग्यश्रीलाही तेच सांगितलं.
बाकी राखाडी वस्त्या आठवडाभरात झाल्या होत्या; आज मैत्रीचे चार सोबती दिवसभर आमच्याकडे घरोघर फिरले. आमचे गुण बत्तीस. लालभडक! सहांत आलो. गाडी गुरुवारी साडेपाचला, पांगाऱ्याखाली. गोदाबाईंनी उरलेला तिळगूळ पुन्हा वाटला.
शेवटचं घर माझं. मैत्री स्वतः आली. एक प्रश्न होता – मागच्या तीन महिन्यांत काही दुखणं अंगावर काढलंत का? मी म्हटलं, नाही. तिनं पेन टेकवलं, थांबली. ‘‘नाही लिहू, काका?’’ लिही म्हटलं. तिनं लिहिलं.

सोमवार, २० जानेवारी
तब्येत ठीक नाही. दिवाळीपासून जिना चढताना छातीत कळ येते, हात जड होतो. मागच्या सगळ्या पानांवर खोटं लिहिलं. सकाळी मैत्रीला फॉर्म बदलायला लावला. ती म्हणते, गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. भाग्यश्रीला सगळं सांगितलं. रिक्षा आली.