रकाना क्रमांक सात : बाळ रडले होते

प्रति,
मा. अधिकारी,
बालक तपासणी व नोंदणी कक्ष.

विषय : माझ्या मुलीच्या नोंदणी-अर्जातील रकाना क्र. ७ व ९ मध्ये मी स्वतः दिलेली चुकीची उत्तरे रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) दीड वर्षापूर्वीचा माझाच अर्ज.
२) आपल्या कक्षाचे उत्तर, की अर्जदाराने स्वतःच्या सहीने दिलेली माहिती पुराव्याशिवाय बदलता येत नाही.

महोदय,

मी खाली सही करणार यंत्रमागावर एकोणीस वर्षे कामाला आहे. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. आपल्या नोंदवहीत तिच्यापुढे "जन्मतः न रडल्यामुळे वाढ खुंटलेली, वाचा नाही" असे लिहिलेले आहे. त्या नोंदीमुळे शाळेने तिला पहिल्या वर्गात घेण्यास नकार दिला असून मुक्या मुलांच्या शाळेचा पत्ता दिला आहे. प्रवेश या महिनाअखेर बंद होतात. ही नोंद कोणा डॉक्टरने मनाने केलेली नाही. ती माझ्या अर्जावरून झाली आहे, हे मी प्रथमच कबूल करतो.

१) रकाना क्र. ७ मध्ये प्रश्न होता, "जन्मतः बाळ रडले का?" मी "नाही" असे लिहिले. त्या वेळी ते मला खरे वाटत होते. आमची खोली मागाच्या शेडला लागून आहे. मधली भिंत एकच आहे आणि पलीकडे चोवीस माग चालतात. फळीवरची भांडी दिवसभर थरथरतात. पत्नी त्याच खोलीत बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत असे, अगदी बाळंतपणाच्या सकाळपर्यंत. कळा सुरू झाल्यावर तिने पितळेच्या ताटाने भिंत ठोकली. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सहा नंबरच्या मागावर मी उभा होतो. मला काही ऐकू आले नाही. शेवटी शेजारीण शेडच्या दारात येऊन हातवारे करू लागली, तेव्हा मला कळले. त्यावर मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने हातानेच खूण केली की एवढे कापड उतरव आणि जा. मी उतरवले. अर्धा तास गेला. हे अर्जात लिहिण्याची गरज नाही, तरी लिहितो, कारण ते मला आजवर कोणाला सांगता आलेले नाही.

२) मी खोलीत गेलो तेव्हा सुईणीने मुलीला उलटे धरले होते. मुलीचे तोंड पूर्ण उघडे होते, चेहरा लाल होता आणि आवाज नव्हता. मी मनाशी धरले, की ही रडली नाही. माग चालू होते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. ज्या आवाजात माणूस जन्मभर उभा असतो, तो आवाज त्याला आवाज वाटत नाही. सुईण आता हयात नाही.

३) मुलगी बोलेना, याचे कारण आता मला समजते. आमच्या घरात कोणीच आवाजाने बोलत नाही. समोरच्याची बाही ओढायची, त्याने बघितले की नुसते ओठ हलवायचे, अशी आमची रीत आहे. मी असाच बोलतो, माझी आईही असेच बोलते, तिचाही जन्म मागावर गेला. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा ती ओठ अगदी बरोबर हलवत होती, पण गळ्यातून काही काढत नव्हती. आम्हाला तिचे सगळे कळत होते, म्हणून काही बिघडले आहे असे वाटलेच नाही. बालवाडीच्या बाईंनी विचारल्यावर माझी धांदल उडाली आणि मी आपला छापील अर्ज आणला.

४) रकाना क्र. ९ बद्दल लिहिताना मान वर होत नाही. "आईच्या माहेरी मुकेपणा आहे का?" यापुढे मी "होय, आईचे मामा" असे लिहिले. माझ्या आईने तसे सुचवले होते आणि मला ते सोयीचे वाटले. वस्तुस्थिती अशी, की पत्नीचे मामा मुके नव्हते. मामींपुढे तोंड उघडण्याची त्यांची टाप नव्हती, एवढेच. सासुरवाडीला मी स्वतः त्यांच्याशी पत्ते खेळलो आहे आणि ते मोठमोठ्याने भांडले आहेत.

५) हा अर्ज मी पत्नीला दाखवला नव्हता. शाळेच्या बाईंनी चार महिन्यांपूर्वी नोंद वाचून दाखवली, तेव्हा तिने तो पहिल्यांदा ऐकला. ती त्याच दुपारी मुलीला घेऊन माहेरी गेली. ते घर शांत आहे, मागे फक्त विहीर आणि गोठा. आठव्या दिवशी आजी पाठमोरी बसून भाजी निवडत होती आणि मुलीला काही दाखवायचे होते. बाही ओढून झाली, आजी वळेना. तेव्हा मुलगी म्हणाली, "आजी, इकडे बघ ना." आता ती दिवसभर बडबडते, असे मेहुण्याने सांगितले. पत्नीचा निरोपही त्यानेच आणला. "रडली होती. मी ऐकलंय. अर्ज भरताना मला विचारायचं होतं."

६) आपल्या कक्षातील कारकून म्हणाले, "पाच वर्षांपूर्वीच्या रडण्याचा दाखला कोण देणार, बाबा?" त्यांचे चूक नाही. म्हणून मागील महिन्यात मेहुण्याकरवी मुलीला आपल्याच तपासणी-खोलीत आणवले. तिच्या कानांना यंत्र लावले आणि ती प्रत्येक आवाजाला बोट वर करत गेली. यंत्र बिघडले असावे, असे मी म्हणालो. तपासणाऱ्या बाईंनी तेच माझ्या कानांना लावले. मी हात मांडीवर ठेवून सुरू होण्याची वाट पाहत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी खांद्याला हात लावला आणि सांगितले, की तपासणी संपली आहे. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत.

तरी विनंती, की रकाना ७ मध्ये "रडले" आणि रकाना ९ मध्ये "नाही" अशी दुरुस्ती व्हावी. दोषाचे कारण लिहिणे बंधनकारक असल्यास "वडिलांचे घर" असे लिहावे, माझी हरकत नाही. पुरावा म्हणून माझ्या पत्नीला कक्षात बोलावून विचारावे. त्या खोलीत ऐकू येणारी आणि आज हयात असलेली ती एकटीच आहे. मीच विचारले असते. पण मला उत्तर ओठांवरून वाचावे लागते, आणि ती सध्या माझ्याकडे तोंड करून बसत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, खजील अर्जदार,
(सही)
मुलीचे वडील, माग क्र. ६
दिनांक : ९ जून

सोबत :
१) मुलीच्या कानांचा तपासणी अहवाल.
२) माझ्या कानांचा तपासणी अहवाल.
३) मूळ अर्जाची प्रत. त्यावर आईच्या सहीची जागा रिकामी आहे.